ऑपरेशननंतर रात्रीत कुत्री गेली. केस करावी का?

निपाणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची आठ वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री, नाव राणी. चार-पाच दिवस पाणी भयंकर पीत होती, मग खाणं सोडलं. गावातल्या डॉक्टरांनी दोन दिवस इंजेक्शनं दिली आणि नंतर सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शहरातल्या एका खासगी दवाखान्यात पाठवलं. तिथं सोनोग्राफीत गर्भाशयात पू दिसला. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. 'सक्सेस झालं' असं सांगून घरच्यांना रात्री साडेआठला परत पाठवलं. सकाळी सातला फोन आला, 'सहाला गेली, हार्ट फेल.' हे लोक साडेआठला पोचले तर अंग ताठ झालेलं. बिल २१,५०० रुपये. फाईल मागितली तर उत्तर मिळालं, 'तुम्ही सही केलीय.' राणीला शेतात मीठ घालून पुरलं, त्याला आता तीन आठवडे झाले. ताई विचारतात, हा निष्काळजीपणा आहे का, तक्रार कर्नाटकात करायची की महाराष्ट्रात, आणि शेवटी एक ओळ, 'पाणी पीत होती तेव्हाच नेलं नाही, ही आमची चूक काय?'

ताई, मी बेळगावात एकतीस वर्षं जनावरांचा डॉक्टर आहे. सुरुवात म्हशी-बैलांपासून झाली, कुत्री-मांजरं नंतर आली. म्हणजे मी डॉक्टरांच्याच पंगतीतला माणूस, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा. दुसरं असं, की मी राणीला पाहिलेलं नाही आणि तिची फाईल माझ्यापुढं नाही. त्यामुळं 'त्यांनी मारलं' किंवा 'त्यांचं काही चुकलं नाही' यातलं एकही वाक्य माझ्याकडून मिळणार नाही. मात्र कुठं बघायचं ते सांगू शकतो.

तुमच्या प्रश्नात तीन गाठी एकत्र बसल्यात. ती का गेली, ही एक. ती वाचली असती का, ही दुसरी. आणि आपल्याला खरं सांगितलं का, ही तिसरी. तुमचं लिखाण मी दोनदा वाचलं. सगळ्यात जास्त शब्द तिसऱ्या गाठीवर खर्च झालेत. माझ्याकडं सल्ल्याला येणाऱ्या बहुतेक भांडणांत हेच दिसतं. जनावर गेल्याचं दुःख माणूस कसंतरी गिळतो, पण 'सहाला गेली' आणि ताठ झालेलं अंग यांचा मेळ बसत नाही, तो घशात अडकून राहतो.

आधी आजाराबद्दल. गर्भाशयात पू होणं, ज्याला आम्ही पायोमेट्रा म्हणतो, हा नसबंदीचं ऑपरेशन न झालेल्या मध्यम वयाच्या आणि म्हाताऱ्या कुत्र्यांतला नेहमीचा आजार. बहुधा माजावर येऊन गेल्यावर दोनेक महिन्यांच्या आत होतो. जंतूंचं विष रक्तात उतरतं, मूत्रपिंडाला लघवी घट्ट करणं जमेनासं होतं, म्हणून कुत्री सारखी मुतते आणि सारखं पाणी पिते. काहींमध्ये खालून पू गळतो, मालकाला दिसतो. काहींमध्ये गर्भाशयाचं तोंड बंद असतं, बाहेर थेंबही येत नाही. हा दुसरा प्रकार जास्त वाईट. राणीचा कुठला होता ते तुम्ही लिहिलं नाही. सोनोग्राफीच्या कागदावर किंवा केसपेपरवर असेल.

गावच्या डॉक्टरांवर तुमचा राग दिसतो. आपल्या भागात कुत्रं मलूल झालं, खाईना, ताप आहे, तर पहिला संशय गोचीड तापावर जातो आणि दहापैकी बऱ्याच वेळा तो बरोबर निघतो. 'शेवटची हीटवर कधी आली होती?' हा एक प्रश्न त्यांनी विचारला असता तर कदाचित दोन दिवस वाचले असते. मीही घाईत तो विचारायचा विसरलोय. यावर तक्रार उभी राहील असं मला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी पुढं पाठवलं हे चांगलंच केलं.

आता ऑपरेशन. पू झालेलं गर्भाशय काढून टाकणं हाच पक्का उपाय, त्यामुळं त्यांनी ऑपरेशन केलं यात चूक नाही. प्रश्न आहे ते कसं केलं याचा. अशी कुत्री टेबलावर घेण्याआधी काही तास सलाईन आणि अँटिबायोटिक देऊन सावरावी लागते. रक्ताची तपासणी लागते, निदान पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड किती बिघडलंय ते दाखवणारा आकडा. क्रिएटिनिन चढलेलं असेल तर धोका किती वाढलाय हे मालकाला तोंडावर सांगावं लागतं. तुम्ही दुपारी चारला पोचलात आणि सहाला ऑपरेशन झालं असं लिहिलंय. दोन तास कमी आहेत, पण गर्भाशय फुटायच्या बेतात असेल तर एखादा डॉक्टर तेवढ्यावरही घेईल. तुमच्या २१,५०० च्या बिलात रक्ततपासणीची ओळ आहे का बघा. नसेल तर पहिला खरा मुद्दा तुमच्या हातात आला.

दुसरा मुद्दा रात्रीचा. यावर मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण माझ्या मते राणीची गोष्ट इथंच दडलीय. कुत्र्यांच्या भुलीतल्या मृत्यूंचा एक मोठा ब्रिटिश अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहाशेतलं साधारण एक कुत्रं भुलीमुळं दगावत होतं. आधीच आजारी असलेल्यांत तेच प्रमाण शंभरात एकाच्या वर गेलं होतं. आणि या मृत्यूंतले निम्म्याच्या जवळपास ऑपरेशन संपल्यानंतरचे होते. म्हणजे टाके घालून झाले, डॉक्टरांनी हात धुतले, चहा आला, आणि नेमका तेव्हा धोका सुरू झाला. पायोमेट्रात तर भुलीपलीकडंही दोन-तीन गोष्टी असतात. रक्तात भिनलेलं विष शॉकमध्ये नेतं. साखर उतरते. अंडाशयाच्या देठाला बांधलेला दोरा सुटला तर पोटात आतल्या आत रक्त साठतं. शेवटचं झालं तर हिरड्या पांढऱ्या पडतात, नाडी बारीक आणि जलद होते, पंजे गार लागतात, पोट तट्ट होतं. हे कुणी वेळेत बघितलं तर पुन्हा पोट उघडून वाचवता येतं. कुणी बघितलंच नाही तर सकाळी ताठ झालेलं अंग सापडतं.

म्हणून तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असा: रात्री साडेआठ ते सकाळी सहा राणीजवळ कोण होतं? आपल्या भागातल्या बहुतेक खासगी दवाखान्यांत रात्री डॉक्टर नसतो. कंपाउंडर असतो, नाहीतर पहारेकरी बाहेर झोपलेला असतो. हे गुपित नाही, परवडत नाही म्हणून असतं. डॉक्टर नाही हा मला गुन्हा वाटत नाही. पण 'रात्री इथं डॉक्टर नसतो, कुत्री ठेवायची की सलाईन लावून घरी न्यायची, तुम्ही ठरवा' हे साडेआठला सांगायला पाहिजे होतं. मी गेली कित्येक वर्षं हे वाक्य मराठीत आणि कन्नडात दोन्हीकडं लिहून काउंटरवर लावलंय. काही मालक वाचून कुत्रं घरी नेतात, बायको-मुलं आळीपाळीनं रात्रभर जागतात, आणि मला दर दोन तासांनी हिरड्यांचा फोटो पाठवतात. झोपमोड होते, पण उपयोग होतो.

अंग ताठ होतं यावरून वेळ काढण्याचा मोह आवरा. साधारणपणे जनावर मेल्यावर काही तासांनी ताठरता येते, पण अंगात ताप आणि जंतुविष असेल तर ती लवकरही येऊ शकते. सहाला गेलेली कुत्री साडेआठला ताठ असणं अशक्य नाही. संशय घ्या, पण याच एका गोष्टीवर केस उभी करू नका. त्यांचा वकील पहिल्या पाच मिनिटांत ती पाडेल. रात्रीच्या नोंदी मागा. तापमान, नाडी, सलाईनचा वेग, कुणी किती वाजता बघितलं. बेळगावच्या एका वकिलांनी मागं मला एक फाईल दाखवली होती. रात्रीच्या अकरा नोंदी, सगळ्या एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेल्या, आणि अकराही ठिकाणी तापमान १०१.५. जिवंत कुत्र्याचं तापमान रात्रभर एका ठिकाणी उभं राहत नाही. त्या फाईलनं त्या डॉक्टरचं जेवढं नुकसान केलं तेवढं कोऱ्या फाईलनंही केलं नसतं.

उलट बाजूचंही सांगतो. एका मालकानं त्याचं कुत्रं पोटात रक्तस्राव होऊन मेल्यावर माझ्यावरच आरडाओरडा केला. नंतर त्याच्या मुलीनं सांगितलं, पप्पांनी तीन दिवस आधीपासून त्यांची गुडघेदुखीची आयबुप्रोफेनची गोळी कुत्र्याला दिली होती. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला चांगलंच लागतं, आणि मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जिवावर बेतते. तुम्ही घरी काय दिलं होतं ते आठवून लिहून ठेवा. काही दिलं असेल तर लपवू नका, ते नंतर निघतंच.

'हार्ट फेल' या शब्दाबद्दल माझी एक जुनी खूण आहे. १९९०च्या दशकात, मी नवीन असताना, खानापूर भागातल्या एका शेतकऱ्यानं मुधोळ जातीचा कुत्रा आणला होता, मांडीला रानडुकरानं फाडलेला. त्या काळी आम्ही सगळे थायोपेंटोनवर भूल द्यायचो. वजनाच्या हिशोबानं डोस काढला, टाके घातले. ग्रेहाऊंडसारख्या सडपातळ कुत्र्यांच्या अंगावर चरबी कमी, त्यात त्यांचं यकृतही हे औषध हळू पचवतं, त्यामुळं ते फार वेळ उतरत नाही, हे पुस्तकात होतं. मी ते वाचलंही होतं. पण टेबलावर आठवलं नाही. डिसेंबर होता, फरशी गार होती, मी वर एक पोतं टाकलं आणि घरी गेलो. पहाटे कुत्रा गेला होता. मालक सकाळी आला तेव्हा मी म्हणालो, 'हार्ट अटॅक आला.' त्यानं एवढंच विचारलं, 'मधी एकदा उठला होता काय, डॉक्टर?' मी 'होय' म्हणालो. तो कधीच उठला नव्हता. त्या माणसानं ना भांडण केलं, ना पैसे मागितले. पुढं दोन म्हशी घेऊन माझ्याकडंच आला. पण ते 'होय' मी अजून धरून बसलोय.

म्हणून सांगतो, 'हार्ट फेल' हे कारण नाही. प्रत्येक मेलेल्या जनावराचं हृदय थांबलेलं असतं. कशानं थांबलं, ते सांगायचं असतं.

ते ठरवायचा रस्ता शवविच्छेदन, आणि तुमच्यासाठी तो बंद झालाय. तीन आठवडे मिठात पुरलेल्या देहातून आता काही मिळणार नाही, उकरू नका. दुसरं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: शंका असेल तर पहिल्या काही तासांतच ठरवावं लागतं. देह बर्फात किंवा थंड ठेवायचा, पण डीप फ्रीजरमध्ये गोठवायचा नाही, गोठल्यावर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. त्याच दवाखान्यात न करता सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं. आपल्याला एका बाजूला गदग, दुसऱ्या बाजूला शिरवळ. कुत्र्याला झटके येत होते, लाळ गळत होती, कुणाला चावलं होतं, असं काही असेल तर देहाला हात लावायच्या आधी रेबीजचा संशय सांगायचा. हे सगळं त्या घडीला सुचत नाही, मला माहीत आहे. देह बघून माणसाच्या डोक्यात खड्डा कुठं खणायचा एवढंच येतं.

आता सही. तुम्ही इंग्रजी छापील फॉर्मवर सही केली, कुणी वाचून दाखवला नाही. ही आपल्या सीमाभागातली रोजचीच तऱ्हा. डॉक्टर इंग्रजीत शिकलेला, फॉर्म इंग्रजी नाहीतर कन्नड, मालक मराठी, आणि मधे कंपाउंडर हिंदीत सांगतो, 'थोडा सीरियस है.' 'थोडा' आणि 'सीरियस' यातलं काय ऐकायचं ते माणूस आपल्या आशेप्रमाणं ठरवतो. त्या सहीचा अर्थ एवढाच, की ऑपरेशनला आणि त्याच्या नेहमीच्या धोक्याला तुमची संमती होती. निष्काळजीपणाला आगाऊ माफी असा तिचा अर्थ होत नाही. आणि फाईलची प्रत न द्यायला तर ती मुळीच कारण नाही.

तक्रारीच्या वाटा बघू. पोलिसांकडं जाऊन फारसं हाती लागणार नाही. निष्काळजीपणानं मृत्यू हे भारतीय न्याय संहितेतलं कलम १०६ माणसाच्या मृत्यूसाठी आहे. जनावर मारण्याचं कलम ३२५ लावायला हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. उपचार करताना दगावलेल्या कुत्रीला ते बसत नाही.

ग्राहक आयोग ही खरी वाट. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ सालीच सांगितलंय. तो खटला माणसांच्या डॉक्टरांचा होता, पण पैसे घेऊन सेवा दिली हा त्यातला पाया जनावरांच्या खासगी दवाखान्यालाही लागू पडतो. सरकारी दवाखान्यात फुकट उपचार झाले असते तर ही वाट अडली असती. तुमच्या सीमेच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे: २०१९च्या कायद्याप्रमाणं तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दवाखाना महाराष्ट्रात असला तरी तुम्ही बेळगाव जिल्ह्याच्या आयोगात जाऊ शकता. मुदत घटनेपासून दोन वर्षं. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही, ऑनलाईनही दाखल करता येते, आणि १९१५ वर फोन करून आधी विचारता येतं. कागद मराठीत असतील तर भाषांतर जोडायची तयारी ठेवा.

आयोगापुढं सिद्ध करायचं ओझं मात्र तुमच्यावर. सर्वोच्च न्यायालयातल्या २००५च्या जेकब मॅथ्यू खटल्यापासून धरलेली कसोटी अशी, की त्याच धंद्यातल्या सर्वसाधारण शहाण्या डॉक्टरनं जे केलं नसतं ते यानं केलं का. दुसऱ्या डॉक्टरनं याहून चांगलं केलं असतं, एवढ्यावर भागत नाही. म्हणजे तुम्हाला माझ्यासारख्या कुणाचं तरी लेखी मत लागेल, आणि खरं सांगतो, एका गावातला डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध सहसा लिहून देत नाही. महाविद्यालयातल्या शिक्षकांना विचारा.

तिसरी वाट राज्य पशुवैद्यक परिषदेची. इथं सीमा आडवी येते. डॉक्टरची नोंदणी ज्या राज्यात, त्या परिषदेकडं. तुमच्या बाबतीत बहुधा महाराष्ट्राची, ती नागपूरला; तेच बेळगावचा दवाखाना असता तर कर्नाटकाची, बंगळूरला. परिषद पैसे मिळवून देत नाही, डॉक्टरचं वागणं तपासते. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणं नोंदणी नसलेल्यानं असं ऑपरेशन करणंच चूक, आणि तसं निघालं तर सगळं प्रकरणच पालटतं.

पैशाचं म्हणाल तर आशा माफक ठेवा. कायद्याच्या डोळ्यांत राणी ही मालमत्ता. उपचाराचा खर्च, मानसिक त्रासाची थोडी रक्कम, खटल्याचा खर्च, यापलीकडं फारसं कुणी मागून पदरात पाडलेलं मी बघितलेलं नाही. फेऱ्या मात्र बऱ्याच होतात.

तुमच्या जागी मी असतो तर आज हे केलं असतं. दवाखान्याला एक साधं पत्र, स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. त्यात एकही शिवी नाही, 'खून' हा शब्द नाही. फक्त मागणी: केसपेपर, सोनोग्राफी, रक्ताचे अहवाल, भुलीच्या औषधांची नोंद, रात्रीच्या नोंदी, सही केलेला फॉर्म. पंधरा दिवसांची मुदत. खाली एक प्रश्न, 'रात्री राणीजवळ कोण होतं?' फोन आलेल्या वेळेचा स्क्रीनशॉट आणि पैसे दिल्याची पावती आत्ताच जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर आणि गूगलवर दवाखान्याचं नाव घेऊन 'खुनी' लिहायचं असेल तर थांबा, बदनामीचं कलम उलटं तुमच्यावर येईल. काय घडलं तेवढंच लिहिलंत तर गोष्ट वेगळी.

पत्राला उत्तर म्हणून डॉक्टर स्वतः फोन करतील अशी शक्यता मला बरीच वाटते. केला तर भेटा, शक्य तर एखादं शांत डोक्याचं माणूस बरोबर घेऊन. 'रात्री कुणी नव्हतं, आम्ही सांगायला पाहिजे होतं' हे वाक्य त्यांनी समोर बसून म्हटलं तर तुम्हाला केस करायची इच्छा उरते का, ते त्या दिवशी ठरवा. आयोगातही मध्यस्थीची सोय आहे, म्हणजे अशी भेट तिथंही घडवता येते.

आणि ती शेवटची ओळ. उन्हाळ्यात कुत्री पाणी जास्त पिते, यात कुणाला काय वाटणार? माझ्या घरच्या कुत्रीला हाच आजार झाला तेव्हा पहिले दोन दिवस मी स्वतः तिचं भांडं भरत होतो, आणि बायकोला म्हणालो होतो, ऊन फार पडलंय. ती तिसऱ्या दिवशी ओकली तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

फाईल मिळाली की रक्ताचा अहवाल आणि रात्रीच्या नोंदींचे फोटो इथं टाका, दवाखान्याचं आणि डॉक्टरांचं नाव झाकून. मी वाचून सांगतो.